ब्रेन ट्युमरसाठी पैसे जमवायचेत : क्राउडफंडिंग की थेट फंड?

८ जून जवळ आला, म्हणजे वर्ल्ड ब्रेन ट्युमर डे, की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर करड्या रिबिनीचे डीपी लागतात आणि मग यंदा पैसे कुठे द्यायचे यावर चर्चा सुरू होते. आम्ही दोन्ही करून बघितलंय, ओळखीतल्या एका पेशंटसाठी क्राउडफंडिंग साइटवर, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या साइटवर कॅम्पेन, आणि नंतर हॉस्पिटलच्या किंवा संस्थेच्या फंडात थेट देणगी. माझा कल कुठे आहे ते कळेलच.

ऑपरेशन परवावर आलंय आणि डिपॉझिट भरायचंय, अशा वेळी कॅम्पेनच करा, वाद नाही. लिंक फिरली की शाळेतले मित्र, सोसायटीतले काका, दुबईतला मावसभाऊ सगळे देतात, आणि हा वेग दुसरीकडे मिळत नाही.

पण ट्युमरचा खर्च ऑपरेशनवर थांबत नाही ना. रेडिएशन साधारण सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज, मग टेमोझोलोमाइड (किमोची गोळी) चालू असेल तर दर २८ दिवसांत पाच दिवस गोळ्या असं कित्येक महिने, मधेमधे एमआरआय, फिट्सची औषधं वेगळी, आणि फिट येईल म्हणून पेशंटला एकटं सोडता येत नाही, म्हणजे घरातल्या अजून एकाचा पगार गेला. सरकारी योजनेत इलाज बसला तरी मुंबईत परळला टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलजवळ राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. तोवर कॅम्पेन थंड झालेलं असतं, दुसऱ्यांदा लिंक पाठवायला आपल्यालाच लाज वाटते.

आणि मला खरं वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या मावशीने भाबडेपणाने पाचशे रुपये दिले, त्यात साइटसाठी टिप म्हणून काहीतरी आपोआप जोडलेलं होतं ते तिला दिसलंच नाही, ते सोडा, पण नंतर तिला त्या साइटकडून रोज मेसेज, कधी दुपारी झोपेच्या वेळी फोन, रोज कुठलंतरी नवीन आजारी बाळ. बिचारी प्रत्येक फोटो बघून रडायची आणि मला विचारायची, "अरे, याला पण देऊ का?" नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. शेवटी ती म्हणाली, परत मला असलं काही पाठवू नकोस. सगळ्याच साइट्स अशा असतील असं नाही म्हणत, पण माझ्या शब्दावर दिलेल्या माणसाला असा त्रास झाला की मी परत कुठल्या तोंडाने मागू?

थेट फंडात हे झालं नाही, निदान आम्हाला तरी. टाटा मेमोरियल आहे, तिथल्याच डॉक्टरांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ब्रेन ट्युमर फाउंडेशन ऑफ इंडिया आहे. पैसे दिले, पावती आली, विषय संपला. थोडं कोरडं वाटतं हे खरं, आपले पैसे नेमके कुणाला गेले ते कळत नाही, आणि ग्रुपमधल्या काहींना तेच खटकतं.

रिसर्चसाठी तर कॅम्पेनचा उपयोगच नाही म्हणा ना, लॅबचा फोटो बघून कोण देणार? पण ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरमध्ये, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड द्यायचं हे २००५च्या अभ्यासाने ठरलं आणि आजही बहुतेकांना सुरुवात त्यानेच होते, म्हणजे पैसा तिथेही लागतोच.

ठरवताना एवढं बघा, पेशंट आपला असेल आणि घाई असेल तर कॅम्पेन, नाहीतर ग्रुपने महिन्याला थोडे थोडे फंडात टाका. पावती ८०जीची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते ती मागा, फायदा फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये मिळतो आणि २,००० रुपयांच्या वर कॅश दिली तर तोही नाही.