फोटोतलं फूल, पाकिटातलं बी: ऑनलाइन बियाणं खरेदीचा काही महिन्यांचा अनुभव

गेले बरेच महिने मी भाज्यांचं आणि फुलांचं बियाणं फक्त ऑनलाइन घेतेय. मोठ्या ॲपवरचे विक्रेते, स्वतःची वेबसाइट असलेल्या बियाणं कंपन्या, सोशल मीडियावरच्या जाहिरातींतून समोर येणारी दुकानं आणि स्वतःच्या बागेतलं बी पाकिटात भरून विकणारी हौशी मंडळी, हे चारही प्रकार वापरून झाले. पेरणीपासून फळापर्यंत सगळं बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पार्सल हातात पडल्याच्या दिवशी दिलेले पाच तारे बियाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

मोबाइल खराब निघाला तर त्याच दिवशी कळतं. बी खोटं आहे हे कळायला दोन-तीन महिने जातात आणि परताव्याची मुदत बहुतेक ठिकाणी काही दिवसांचीच असते. बियाण्यातली फसवणूक या मधल्या काळावर जगते. पाकिटावर काहीही छापा, गिऱ्हाइकाला कळेपर्यंत दुकानाचं नाव बदललेलं असतं. त्यामुळे खोटं लवकरात लवकर कसं उघडं पडेल, एवढंच मी आता बघते.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो ब्रोकोलीच्या एका पाकिटानं. मोहरी, कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली ही सगळी जवळची भावंडं. बी गोल, काळपट तपकिरी, दीड-दोन मिलिमीटरचं. हातावर घेऊन कोणतं कशाचं हे सांगणं जवळजवळ अशक्य. उगवल्यावर पहिली दोन पानंही सगळ्यांची सारखीच, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची. खरा फरक दिसतो तो त्यापुढच्या पानांत. ब्रोकोलीचं पान जाडसर, गुळगुळीत, निळसर झाक असलेलं असतं. त्यावर मेणासारखा थर असतो, म्हणून पाणी शिंपडलं की थेंब गोळा होऊन घरंगळून जातात. माझ्या ट्रेमधली पानं पोपटी, पातळ आणि कडेनं दातेरी होती. बोट फिरवलं की खरखरीत लव लागायची, पाणी पानावर पसरायचं. थोड्याच दिवसांत दांडे सरळ वर गेले आणि पिवळी फुलं आली. ती मोहरी होती. ब्रोकोलीच्या बियाण्याचा भाव मोहरीच्या कितीतरी पट असतो, तेव्हा ही अदलाबदल चुकून झाली यावर माझा विश्वास नाही. विक्रेत्याचं उत्तर असं: बी उगवलंय म्हणजे माल चांगला आहे, हवामानामुळे झाड वेगळं दिसू शकतं. हवामान कसंही असो, ब्रोकोलीच्या बियातून मोहरी येत नाही. असं उत्तर तयार ठेवणाऱ्या माणसाला आपण काय विकतोय ते नीट माहीत असतं.

या अनुभवानंतर दुकान तपासायची एक पद्धत मला सापडली आणि आजवर तिनं दगा दिलेला नाही. नवीन दुकान दिसलं की तिथे जे अस्तित्वातच असू शकत नाही ते शोधायचं. पहिलं केशर. केशराच्या झाडात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ते वांझ आहे, बी धरतच नाही. लागवड फक्त कंदापासून होते. ‘केशराचं बी’ विकणारं दुकान तिथेच बाद. दुसरं, खायच्या केळ्याचं बी. रानकेळी आणि शोभेच्या काही केळींना बी असतं, पण आपण खातो त्या जाती बिनबियांच्या आहेत आणि मुनव्यांपासून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून, वाढतात. तिसरं ऑर्किड. त्याचं बी धुळीसारखं असतं, एका बोंडात लाखांनी. त्यात अन्नाचा साठा नसल्यामुळे ते निसर्गात ठरावीक बुरशीच्या मदतीनं किंवा प्रयोगशाळेत निर्जंतुक माध्यमावरच रुजतं. कुंडीत पेरा म्हणून तिळाएवढं ‘ऑर्किडचं बी’ कोणी पाठवत असेल तर ते दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

गुलाबाचं जरा वेगळं. गुलाबाला बी येतं आणि ते रुजतंही, पण नावाजलेल्या वाणाचं बी पेरून तेच फूल मिळत नाही. म्हणून तर कलमं करतात, डोळे भरतात. निळ्या गुलाबाच्या बियांच्या जाहिराती कुठेही दिसतात. जपानच्या सनटोरी कंपनीनं पॅन्झी या फुलझाडाचं जनुक घालून तयार केलेला गुलाब २००४ मध्ये जाहीर केला आणि २००९ पासून तिथे विकायला आणला. वर्षानुवर्षांच्या संशोधनानंतरही त्याचा रंग फिकट जांभळ्याकडे झुकतो आणि तो विकला गेला तो कापलेल्या फुलांच्या रूपात. गडद निळ्या फुलांचं बी एखादं जाहिरातीतलं दुकान पाकिटांनी कुठून आणणार? मिरचीतही हेच चालू आहे. ‘पेपर एक्स’ची जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये गिनीज नोंद झाली, सरासरी २६ लाख ९३ हजार स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). ती तयार करणारे एड करी यांनी तेव्हाच सांगितलं होतं की तिचं बी इतक्यात विकायला काढणार नाही. तरी तिच्या नावाची पाकिटं विकायला आलीच.

पण विचित्र दिसतं ते सगळं खोटं, असं धरून चालाल तर चांगल्या गोष्टींना मुकाल. बिनबियांच्या कलिंगडाचं बी खरंच मिळतं. गुणसूत्रांचे चार संच असलेलं आणि दोन संच असलेलं झाड यांचा संकर करून ते बनवतात, म्हणून महागही असतं. ‘इंडिगो रोझ’ हा जांभळ्या सालीचा टोमॅटो ओरेगन राज्य विद्यापीठानं २०१२ मध्ये आणला. तो खरा आहे आणि आतून लालच असतो. आतूनही जांभळा असलेला टोमॅटो इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅथी मार्टिन यांच्या संशोधनातून तयार झाला. त्यात स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची जनुकं आहेत आणि अमेरिकेत घरगुती बागेसाठी त्याचं बी २०२४ पासून विकायला आहे. म्हणजे प्रश्न रंगाचा नसतो. वाणाला नाव आहे का, तो कोणी तयार केला, हे विक्रेता सांगतो का, ते बघायचं. ‘दुर्मिळ जांभळा टोमॅटो’ हे काही वाणाचं नाव नव्हे.

काही पिकांत बी अस्सल असूनही दावा खोटा असतो. पपईची ‘सगळी मादी झाडं देणारी’ बिया कोणी नुसत्या नजरेनं निवडून देऊ शकत नाही. बियाच्या आकारावरून नर-मादी ओळखता येत नाही. भांगेच्या बियांच्या ऑनलाइन बाजारातही हाच दावा सर्रास चालतो, बियाच्या बुडाचा खळगा बघून लिंग ओळखण्याचे तक्तेसुद्धा फिरतात. त्यांना कसलाही आधार नाही. त्या बाजारात आणखी एक क्रूर प्रकार आहे. पैसे घेतल्यावर ‘पार्सल कस्टममध्ये अडकलंय, एवढे भरा’ म्हणून पुन्हा मागणी येते, मग दंडाची, मग विम्याची. जिथे ती खरेदी बेकायदा आहे तिथला गिऱ्हाईक तक्रार करायला जाणार नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. तिथे ते बी न घेणं हाच मार्ग. कायदेशीर मालातही पैसे भरल्यानंतर पुन्हा पैशांची मागणी झाली की तिथेच थांबा. पुढचा हप्ता भरल्यानं आधीचे पैसे सुटत नाहीत.

वेबसाइटबद्दल थोडक्यात. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की तुमच्या आणि साइटच्या मधली माहिती कोणी वाचू शकत नाही, समोरचा प्रामाणिक आहे असं नाही. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदवलं ते फुकटात बघता येतं. ‘तीस वर्षांची परंपरा’ सांगणारी साइट गेल्या महिन्यातली निघाली तर पुढे काही बघायला नको. दुकानातला फोटोच सर्च इंजिनमध्ये टाकून शोधून बघा, तोच फोटो दहा दुकानांत दहा नावांनी सापडतो. हल्ली संगणकानं बनवलेली फुलंही असतात. त्यांच्या पाकळ्या आखीव असतात आणि पान कुठल्याच ओळखीच्या झाडाचं नसतं. फुलापेक्षा पान बघा, बनवणाऱ्यांचं तिकडे लक्ष नसतं. अभिप्राय वाचताना मी फक्त फळाचे, फुलाचे, वाढलेल्या रोपाचे फोटो असलेले वाचते. ‘छान पॅकिंग, लवकर मिळालं’ हे कुरियरचं कौतुक झालं.

पैसे कार्डानं किंवा तक्रारीची सोय असलेल्या मार्गानंच. थेट खात्यावर पाठवा म्हणणाऱ्याला मी नाही म्हणते. ब्रोकोलीच्या वेळी ॲपनं मुदत संपली म्हणून हात वर केले, पण बँकेनं ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ या कारणाखाली तक्रार घेतली आणि पैसे परत मिळाले. त्यासाठी कामी आलं ते उरलेलं बी, लॉट नंबर दिसेल असा पाकिटाचा फोटो आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट. ते पान नंतर बदललेलं होतं.

पाकीट आलं की सगळं पेरायचं नाही. दहा-वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून, डबीत बंद करून उबदार जागी ठेवते. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेची प्रमाणित उगवण चाचणी ४०० बियांवर होते, त्यापुढे घरची चाचणी ढोबळच. पण मेलेलं बी त्यात लगेच समजतं. कांद्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. त्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच कमजोर होतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं. कांद्याचं जुनं बी नव्या पाकिटात भरणारे आहेत. चाचणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारी न छापलेलं कांद्याचं पाकीट मी घेतच नाही. लॅव्हेंडरसारखं बी मात्र थंडी दिल्याशिवाय नीट उगवत नाही, त्यासाठी विक्रेत्याला दोष देऊ नका.

न मागवलेलं पाकीट आलं तर ते पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका, कृषी खात्याला कळवा. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत हजारो लोकांच्या घरी अशी पाकिटं आली होती. तिथल्या कृषी खात्यानं तपासल्यावर त्यात मोहरी, कोबी, पुदिना, लॅव्हेंडर, जास्वंद अशी साधीच बियाणी निघाली. खोट्या विक्रीच्या नोंदी दाखवून खोटे अभिप्राय लिहिण्यासाठी हा उद्योग असावा, असा त्यांचा अंदाज होता. पण अनोळखी बियाबरोबर तण, कीड किंवा रोग येऊ शकतो, ही भीती खरी आहे.

आता मी कुठून घेते? जाहिरातींतली दुकानं पूर्ण बंद केली. ॲपवर फक्त बियाणं कंपनीचं स्वतःचं खातं असेल तरच. कोबीवर्गीय आणि संकरित वाण थेट कंपनीच्या साइटवरून. संकरित फळातलं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तसंच पीक येत नाही, त्यामुळे ते ‘घरचं बी’ म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. हौशी मंडळींनी मला सगळ्यात जास्त आनंद दिला. त्यांच्याकडून टोमॅटो, घेवडा, वाटाणा निर्धास्त घ्या, या झाडांत बहुतेक परागीकरण आपल्या आपणच होतं. भोपळा, काकडी, मका यांत शेजारच्या वाणाचे पराग सहज मिसळतात, त्यामुळे ते घेताना मात्र आधी विचारा की शेजारी दुसरा वाण होता का, फुलं हातानं फळवून बांधून ठेवली होती का. एका विक्रेतीनं या प्रश्नावर लिहिलं, ‘यंदा दोन भोपळे जवळजवळ लावले होते, हे बी घेऊ नका, पुढच्या हंगामात देते.’ पुढच्या हंगामाची सगळी यादी मी तिलाच पाठवली आहे.