तीन कप्प्यांची टीपीएन बॅग: सांगली-मिरजेच्या आयसीयूने घ्यावी का?

ज्या हॉस्पिटलात टीपीएन (तोंडाऐवजी थेट शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) मिसळायला वेगळी निर्जंतुक खोली नाही, तिथे ही तयार बॅग घ्यावीच. ग्लुकोज, अमिनो अ‍ॅसिड आणि दुधाळ लिपिड (स्निग्धांश) वेगवेगळ्या कप्प्यांत येतात. बाहेरचं आवरण काढून बॅग हुकाच्या बाजूने घट्ट गुंडाळत आणली की मधले सील सुटतात. मग दोन-तीनदा उलटीसुलटी करायची. घाईत एखादं सील तसंच राहतं आणि पेशंटला एकाच कप्प्यातलं जात राहतं, म्हणून टांगण्याआधी उजेडात धरून बघा. सगळीकडे सारखा पांढरा रंग हवा. वर पिवळसर तेल तरंगत असेल तर बॅग सरळ बाद.

खरी उणीव वेगळीच. आत व्हिटॅमिन आणि ट्रेस एलिमेंट (जस्तासारखी सूक्ष्म खनिजं) नसतात; ते सील सोडल्यावर बॅगेच्या पोर्टमधून (औषध घालायच्या तोंडातून) घालावे लागतात, आणि नेमकं तेच विसरलं जातं. प्रमाण ठरलेलं, त्यामुळे किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम कमी करायची सोय नाही (इलेक्ट्रोलाइट, म्हणजे पोटॅशियमसारखे क्षार, नसलेली बॅग मिळाली तर उत्तम). बरेच दिवस उपाशी, खंगलेल्या पेशंटला पहिल्याच दिवशी पूर्ण वेग दिला तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं. आधी थायमिन (व्हिटॅमिन बी1), मग बॅग सावकाश.

हाताच्या शिरेला फक्त ‘पेरिफेरल’ लिहिलेलीच बॅग लावा. सेंट्रलची (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेसाठीची) लावली तर शीर सुजणारच. नळीला 1.2 मायक्रॉनचा फिल्टर लावा, 24 तासांनी उरलेलं फेका. साठवण 25 अंशांखाली, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या मेडिकलमधून घेऊ नका.