इंधन मोजायची नळी: आठ महिने वापरल्यावर

सेसना 172 या छोट्या विमानाच्या टाकीत बुडवून इंधन मोजायची ही पारदर्शक नळी मी ऑक्टोबरात घेतली. आता जून लागला. तिच्याशिवाय एकदाही उडालो नाही.

पंखाशी चढायचं, झाकण काढायचं, नळी तळाला टेकवायची, वरचं भोक अंगठ्यानं दाबून बाहेर काढायची. निळं ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, जिथवर दिसतं तो आकडा खरा. आकडे अमेरिकी गॅलनमध्ये आहेत, म्हणून लिटरचा तक्ता करून मी कव्हरलाच चिकटवला. विमान सपाटीवर हवं; आमच्याकडे उभं करायच्या जागेला उतार आहे, तेव्हा आधी ढकलत आणतो.

मे महिन्यातली एक दुपार सांगतो. बिरसीला, म्हणजे गोंदियाच्या विमानतळावर, जाऊन परत यायचं होतं. कागदावर 32 गॅलन, विमानातला इंधनाचा काटाही अर्ध्याच्या वर. नळीत डावीकडे 14, उजवीकडे 11. त्यातले 3 गॅलन तर वापरता येतच नाहीत. तासाला 34 लिटर (सुमारे 9 गॅलन) धरले तर कागदावर सव्वातीन तास होते, टाकीत अडीचही नाहीत. फरक पाऊण तासाचा. बिरसी ते नागपूर हे सुमारे 74 नॉटिकल मैल कापायला आमच्या विमानाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे बिरसीहून नागपूर गाठायला लागतं तेवढं इंधन फक्त कागदावर होतं.

नागपूरचा हवामान अहवाल स्वच्छ होता. तरी गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याकडच्या गावी बाबांना फोन लावला. "लय आभाळ आलं इकडे, गारा पडून राह्यल्या," ते म्हणाले. विमानाला दोर बांधले आणि घरी आलो.

टाक्या काठोकाठ भरून मोकळं व्हावं, असं कुणी म्हणेल. पण 44 अंशांत हवा विरळ होते, आणि नागपूरसारख्या 1033 फूट उंचीच्या जागीही विमान जवळपास 4,700 फुटांवर असल्यासारखं वागतं; चढता चढत नाही. 20 गॅलन कमी घेतले की 54 किलो वाचतात. शिवाय पहाटे काठोकाठ भरलेली टाकी उन्हात इंधन फुगून व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, गळते. कमी भरायचं तर नेमकं किती आहे ते माहीत हवं, आणि ते नळीच सांगते.

तक्रार एकच. 10 च्या खालच्या खुणा इंधनानं पुसट झाल्यात. दुसरी नळी मागवली आहे. तोवर कुठल्याही टाकीत 10 च्या खाली दिसलं, की मी आधी इंधन भरतो.