यॅमल सोडून टॉमल: आठ महिन्यांनंतर

आमच्या सर्व्हिसच्या कॉन्फिग फाइली, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या फाइली, आठ महिन्यांपूर्वी यॅमल (YAML) फॉरमॅटमधून टॉमल (TOML) फॉरमॅटमध्ये आणल्या. निमित्त झालं एका ओळीचं. बॅकअपची वेळ फाइलमध्ये ०९:३० होती आणि वर्षभर सगळं सुरळीत चालू होतं. मग ती २२:३० केली. रिव्ह्यूत दोघांनी पाहिली, कुणालाच काही खटकलं नाही. बॅकअप मात्र रात्री १२ वाजून २२ मिनिटांनी सुरू झाला, नेमका दुसरा जड जॉब चालू असताना.

कारण सापडायला अख्खा दिवस गेला. आम्ही वापरत होतो ते पाययॅमल, म्हणजे पायथनमध्ये यॅमल वाचणारी लायब्ररी, आणि ते यॅमल १.१ चे नियम पाळतं. त्या नियमांनुसार अवतरणाशिवाय लिहिलेलं २२:३० हे षष्टिमान पद्धतीतली संख्या ठरतं: २२ गुणिले ६० अधिक ३०, म्हणजे १३५०. ०९:३० शून्याने सुरू होतं, म्हणून ते या नियमात बसत नाही आणि मजकूरच राहतं. आकडा आला की आमचा कोड तो मध्यरात्रीपासूनचे सेकंद समजायचा. १३५० सेकंद म्हणजे साडेबावीस मिनिटं! नॉर्वेचा देशकोड 'एनओ' (NO) याच नियमांमुळे 'नाही' होऊन बसतो, हे ऐकून माहीत होतं. २००९ च्या यॅमल १.२ ने हे अर्थ काढून टाकले, पण लायब्ररी जुन्या नियमांवर असेल तर त्याचा काय उपयोग?

जेसन (JSON) या फॉरमॅटचाही विचार केला. त्यात संदिग्धता जवळपास नाहीच, पण कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठीची टीप, लिहिता येत नाही. टाइमआउट ४७ सेकंद का ठेवलाय, हे त्या आकड्याशेजारीच लिहिलेलं हवं. नाहीतर पुढचा माणूस तो सहज ६० करून टाकतो.

टॉमल २०१३ पासून आहे, १.० आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये आली, आणि पायथनमध्ये ३.११ पासून ते वाचणारं टॉमलिब सोबतच मिळतं. मजकूर अवतरणातच लिहावा लागतो, हे पहिल्या आठवड्यात जाचक वाटलं. आता तेच सगळ्यात आवडतं. वेळेला स्वतःचा प्रकार आहे: २२:३०:०० लिहिलं की वेळच मिळते. नुसतं २२:३० लिहिलं तर १.० च्या नियमांवर चालणारं टॉमलिब ओळ आणि कॉलमचा क्रमांक देऊन थांबतं. अंदाज बांधत नाही, आणि फाइल वाचणाऱ्या पार्सरकडून मला हेच हवं होतं. एक मात्र सांगून ठेवतो: आवृत्ती म्हणून ३.१० अवतरणाशिवाय लिहिलीत, तर इथेही ती ३.१ होते.

पण डोळ्यांची फसगत टॉमलमध्येही होते, फक्त वेगळ्या जागी. एका सहकाऱ्याने फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ सोडून लॉगची पातळी (नोंदींत किती तपशील हवा ते) लिहिली. वाचणाऱ्याला वाटतं, रिकामी ओळ आली, विभाग संपला. टॉमलला रिकाम्या ओळीशी किंवा इंडेंटशी देणंघेणं नाही. चौकटी कंसातलं पुढचं शीर्षक येईपर्यंत सगळं आधीच्याच विभागात जातं, म्हणून ती ओळ डेटाबेसच्या विभागात गेली. आमच्या कोडने गुपचूप डिफॉल्ट पातळी घेतली आणि आठवडाभर डीबग लॉग आलेच नाहीत. तेव्हापासून एखाद्या विभागात अनोळखी सेटिंग दिसली की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ही तपासणी पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती, आणि तुम्ही कुठलाही फॉरमॅट वापरत असलात तरी लिहाच.

खोलवर एकात एक गुंफलेल्या रचनेसाठी टॉमल त्रासदायक आहे. दुहेरी चौकटी कंसांच्या तीन पातळ्या झाल्या की कोण कुणाच्या आत आहे हे मलाही चटकन कळत नाही. शिवाय टॉमलिब फक्त वाचतं. स्क्रिप्टने मूल्य बदलून फाइल परत लिहायची तर कॉमेंट जपणारं टॉमलकिट घ्यावं लागतं. आम्ही ते घेतलं आणि त्याने आजवर एकही कॉमेंट हरवलेली नाही.

बिल्ड पाइपलाइनच्या फाइली अजून यॅमलमध्येच आहेत, कारण ते टूल दुसरं काही वाचत नाही. तिथे वेळ, आवृत्ती आणि देशकोड आम्ही आता अवतरणातच लिहितो, आणि अवतरण द्यायचं राहिलं तर लिंटर, म्हणजे फाइली आपोआप तपासणारं टूल, तो बदल मर्ज होऊ देत नाही.