यू-डायस प्लसचे शाळा-पत्रक: खोल्या मोजता येतात, वाचन नाही

शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेल्या पालकाला किंवा शाळेला मदत करू पाहणाऱ्या संस्थेला यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या शालेय माहिती प्रणालीच्या संकेतस्थळावरील ‘नो युवर स्कूल’ ही सेवा सर्वात आधी सुचवली जाते. २७ या महाराष्ट्राच्या क्रमांकाने सुरू होणारा शाळेचा ११ अंकी सांकेतांक टाकला की वर्गखोल्या, मुलींची स्वच्छतागृहे, हात धुण्याची सोय, रॅम्प, शिक्षकसंख्या आणि इयत्तावार पट असे पत्रक विनामूल्य समोर येते. शाळेचा विकास आराखडा करताना भौतिक उणिवा नोंदवण्यासाठी ते निश्चितच उपयोगी आहे.

मात्र मागे पडलेली शाळा त्यावरून ओळखायची म्हटले की अडचण येते. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा घ्या. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक शिक्षण हक्क कायद्याला मान्य आहेत, त्यामुळे पत्रकावर सारे नियमात बसते. प्रत्यक्षात दोघे मिळून पाच इयत्ता सांभाळतात आणि त्यांतला एक मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात अख्खी शाळा पडते. दिवाळीनंतर काही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलांच्या हाती फार तर दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेले शिक्षण हमी कार्ड असते, आणि पत्रकातला पट मात्र तसाच राहतो. नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीकडच्या भरगच्च वर्गांचे दुखणे वेगळे. तिथे निदान आकडाच बोलतो.

मुलाला वाचता येते का, याचा तर रकानाच नाही. डिसेंबर २०२४ मधील परख राष्ट्रीय सर्वेक्षण, म्हणजे मुलांना किती येते याची देशव्यापी चाचणी, तिसरी, सहावी आणि नववीचे होते, पण ते नमुना पद्धतीचे असल्याने त्यातून जिल्ह्याचे चित्र कळते, आपल्या शाळेचे नव्हे. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे इयत्तावार अध्ययनस्तराची यादीच मागावी लागते: किती मुले अक्षरांवर अडली आहेत, किती वाक्यावर, किती उतारा वाचतात. शाळेला ग्रंथालयाचे कपाट द्यायचे, तासिकेवर आणखी एक शिक्षक मिळवायचा की स्थलांतरित मुलांसाठी वसतिगृहाचा पाठपुरावा करायचा, हे या यादीनंतरच ठरवता येते. पत्रकावर विसंबलेल्या संस्था बहुधा रंगरंगोटी आणि संगणक देऊन मोकळ्या होतात.

पाचपैकी तीन तारे, आणि तेही भौतिक सुविधांच्या रकान्यांसाठी.