थेट बूस्टर की संप आणि टाकी? थारमधल्या गावासाठी काय निवडायचं

जोधपूर-फलोदी पट्ट्यात गावाच्या पाणी योजनेचं काम हातात घेत असाल तर पहिला वाद हाच होतो, की मेन लाइनवरच पंप (बूस्टर) बसवून व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राने, दाब सांभाळत पाणी थेट नळांना सोडायचं, का आधी संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, घ्यायचं, तिथून पंपाने उंच टाकीत चढवायचं आणि मग उताराने गावाला द्यायचं. माझं मत आधीच सांगतो, संप आणि टाकी. का ते बघा.

आधी हिशोब. २००० वस्तीचं गाव धरा, जल जीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरने १ लाख १० हजार लिटर झाले, वर वाळवंटी भागात जनावरांसाठी माणशी ३० लिटर धरायची जुनी पद्धत आहे ती सोडू नका, गुरांची खेळी (पाणी प्यायचा हौद) रिकामी राहिली तर तिथे घर चालत नाही. म्हणजे रोज १ लाख ७० हजार लिटर. हे ८ तासांत ४० मीटर हेडवर, म्हणजे तेवढ्या उंचीइतक्या दाबावर, चढवायला साडेसात एचपीचा पंप पुरतो. थेट पद्धतीतही सकाळच्या गर्दीसाठी साधारण एवढाच पंप लागतो, म्हणजे मोटरचा खर्च दोन्हीकडे सारखाच, फरक असा की तिथे लोकांना पाणी हवं तेव्हा वीज असलीच पाहिजे, आणि टाकीवाल्याला वीज येईल तेव्हा पाणी चढवून ठेवता येतं. ढाण्यांकडे (छोट्या विखुरलेल्या वस्त्यांकडे) थ्री फेज वीज दिवसभर असेलच असं नाही, त्यामुळे माझ्यासाठी निम्मा निकाल इथेच लागतो.

दुसरं म्हणजे ऊन. फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदलं गेलंय. बहुतेक व्हीएफडी ४०-४५ अंशांच्या वर पूर्ण लोड घेत नाहीत, त्यात पॅनलच्या फिल्टरमध्ये बारीक वाळू बसते, म्हणजे पाण्याची गरज सगळ्यात जास्त असते त्याच दुपारी पॅनल ट्रिप होतं. मी एका गावात हे बघितलंय, बायका हंडे घेऊन पंप हाऊसबाहेर बसलेल्या आणि ऑपरेटर पॅनलचं दार उघडून टेबल फॅन लावतोय, अजून आठवलं की वाईट वाटतं. संपवाला पंप मात्र साध्या स्टार्टरवर पहाटे चालवता येतो.

थेट बूस्टरचा सगळ्यात मोठा धोका सक्शनचा, म्हणजे पाणी ओढण्याचा. मेन लाइनचा दाब पडला आणि पंप ओढतच राहिला की लाइनमध्ये निगेटिव्ह प्रेशर होतं, जिथे जॉइंट गळका तिथून बाहेरची घाण आत येते आणि पुढच्या गावाचं पाणी तुटतं ते वेगळंच. दाब पडला की पंप बंद करणारा लो प्रेशर कटऑफ लावतात, पण लोक ओरडायला लागले की तो बायपास होतो. वीज अचानक गेली की वॉटर हॅमर, म्हणजे वाहतं पाणी एकदम थांबल्याने पाइपला बसणारा धक्का, दोन्ही पद्धतींत होतो, लोखंडी लाइनमध्ये १ मीटर प्रति सेकंद वेगाचं पाणी एकदम थांबलं तर धक्का १०० मीटर हेडच्या आसपास, पीव्हीसीत त्यापेक्षा कमी. पण टाकी असेल तर तो पंप ते टाकी एवढ्याच लाइनवर राहतो, घराघरांच्या जोडण्यांपर्यंत जात नाही.

आणि नहरबंदी, म्हणजे दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवणं. पंजाबातल्या हरिकेपासून निघणाऱ्या ६४९ किलोमीटरच्या इंदिरा गांधी कालव्याची दुरुस्ती उन्हाळ्याच्या तोंडावर निघते, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाणी दिवसाआड होतं. म्हणून संप निदान दोन दिवसांचा, झाकलेला, म्हणजे साडेतीन लाख लिटरचा घ्या. उंच टाकी अर्ध्या दिवसाची, ८५ हजार लिटरची चालेल, फार मोठी नको, उन्हात पाणी तापतं आणि क्लोरीन लवकर उडतं.

थेट बूस्टर कुठे घ्यावा? जवळच्या टाकीतून पाणी मिळणारी पण टेकाडावर असल्याने दाब न पोचणारी २०-२५ घरांची ढाणी असेल, वीज बरी असेल, तर जरूर घ्या, खर्च कमी आणि काम महिन्याभरात होतं, आरसीसी टाकीला वर्ष सहज जातं. पैसे दोन टप्प्यांत येणार असतील तर आधी संप आणि पंप करा, टाकी पुढच्या वर्षी, तोवर त्याच पंपाने ठराविक वेळेला थेट सोडा, फक्त टाकीची जागा आणि टी-जॉइंट आत्ताच ठेवून घ्या. आणि टेंडर काढायच्या आधी १५ दिवस रोज वीज कधी आली, कधी गेली आणि मेन लाइनला दाब किती होता हे गावातल्याच कोणाकडून वहीत लिहून घ्या, मे महिन्यात.