उबंटू सर्व्हर २४.०४ व्हर्च्युअलबॉक्समध्ये, नऊ महिने वापरून झाल्यावर

२०२४ च्या गणपतीच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटू सर्व्हर (लिनक्सची सर्व्हरसाठीची आवृत्ती) टाकला होता. रोज नाही पण आठवड्यातून चार-पाच दिवस तरी हा चालू असतो, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "वीस मिनिटात होतं, एकदम सोपं" एवढंच लिहिलं असतं. ते खोटं नाही, इन्स्टॉल खरंच वीस-पंचवीस मिनिटात होतं, पण त्यानंतर सर्व्हर आपल्या हातात यायला मला अडीच-तीन महिने लागले आणि ते महिने कुठे गेले तेच सांगायचंय.

आधी मला हे का लागलं ते. मामांचं कराडला टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे, चार कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात एका जुन्या डेस्कटॉपवर उबंटू सर्व्हर आणि सांबा (विंडोजच्या कॉम्प्युटरना सर्व्हरवरच्या फायली दाखवणारं सॉफ्टवेअर), सगळ्या फायली त्यावर. तो मी बघतो. त्या जुलैत रिटर्न भरायच्या गर्दीत मी पुण्यातून बसून सांबाच्या सेटिंगमध्ये एक बदल केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि शेअर (सगळ्यांचं सामाईक फोल्डर) सगळीकडून गायब. मामांचा फोन, "अरे, फायली दिसेनात कुणालाच." म्हटलं, "मामा, पाच मिनिटं द्या." चाळीस मिनिटं गेली. मामा रागावले नाहीत पण बाहेर माणसं बसलेली होती हे मला फोनवर ऐकू येत होतं. त्या दिवशी ठरवलं की चालत्या सर्व्हरवर पुन्हा कधीही प्रयोग करायचा नाही, आधी तस्साच सर्व्हर आपल्या लॅपटॉपवर उभा करायचा आणि तो पाहिजे तेवढा मोडायचा.

लॅपटॉप विंडोज ११, रॅम ८ जीबी (नंतर १६ केली, फरक पडतो), २५६ जीबीची एसएसडी. व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आतला कॉम्प्युटर) २ जीबी रॅम, २ सीपीयू, २५ जीबीची डिस्क, डायनॅमिक, म्हणजे वापरू तशी वाढणारी. सर्व्हरला एवढं खूप झालं, नुसता बसलेला असताना तो तीनशे एमबीच्या आसपासच रॅम खातो, स्क्रीन-बिन काही नसते ना. उबंटूच का तर ऑफिसात तोच आहे म्हणून, आणि एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आहे म्हणजे पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट, २०२९ पर्यंत बघायला नको.

इन्स्टॉल करताना पहिली गोष्ट, माझ्याकडे तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स ७.० होता, त्यात आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) निवडली की तो सगळं आपणहून टाकायच्या तयारीला लागतो, तिथे "स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन" वर टिक करा. शिकायचं असेल तर प्रत्येक पडदा स्वतः बघितलाच पाहिजे. व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) बंद आहे असा एरर आला तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करायचं, तेवढंच. आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोजचं हायपर-व्ही (त्याची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची यंत्रणा) मागे चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या डोक्यावर बसून हळू चालतोय. माझ्याकडे "मेमरी इंटेग्रिटी" चालू होती म्हणून कासव होतं. मी ते तसंच ठेवलं, कारण ती लॅपटॉपची सुरक्षा आहे आणि माझ्या कामाला तेवढा स्पीड पुरतो. पण इन्स्टॉलला तासभर लागत असेल तर कारण बहुतेक हेच.

डिस्कच्या पडद्यावर मात्र थांबा आणि नीट वाचा. आपण फक्त डन डन करत जातो आणि नंतर कळतं की २५ जीबी दिली होती तरी आत रूटला (सिस्टीमच्या मुख्य भागाला) साधारण अकराच जीबी आहे. डिस्क कुठे गेली नाहीये, एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग करायची पद्धत) वापरताना इन्स्टॉलर मधल्या आकाराच्या डिस्कवर निम्मीच जागा रूटला देतो आणि बाकीची मोकळी ठेवतो, नंतर स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद, जिथे परत जाता येतं) किंवा दुसरं व्हॉल्यूम (डिस्कचा भाग) करता यावं म्हणून. विचार चांगला आहे पण नवीन माणसाला हे माहीत नसतं. मला चौथ्या महिन्यात "नो स्पेस लेफ्ट" आल्यावर कळलं. उपाय दोन कमांडचा आहे, एलव्हीएक्सटेंड करून उरलेली सगळी जागा द्यायची आणि मग रिसाइझटूएफएस, सर्व्हर बंदसुद्धा करावा लागत नाही. किंवा इन्स्टॉलच्या वेळीच त्या पडद्यावर यूबंटू-एलव्हीचा (रूटच्या व्हॉल्यूमचं नाव) आकार वाढवायचा. आणि गंमत नाही, हे बघितल्यावर मी ऑफिसातल्या डेस्कटॉपवर बघितलं तर तिथेही तेच! ५०० जीबीच्या डिस्कवर रूट १०० जीबीचं आणि ८८ टक्के भरलेलं. ऐन जुलैत ते भरलं असतं. नुसत्या ह्या एका गोष्टीसाठी व्हीएमची सगळी मेहनत वसूल झाली असं मी मानतो.

ओपनएसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायची सोय, एसएसएच) टिक विसरू नका, ती आपोआप लागलेली नसते. शेवटी रीबूट झाल्यावर लॉगिन येतं आणि त्याच्यावरच क्लाउड-इनिटच्या (पहिल्यांदा चालू होताना सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) दहा-पंधरा ओळी येऊन पडतात आणि सगळं अडकल्यासारखं दिसतं. अडकलेलं नसतं, एंटर दाबा, लॉगिन पुन्हा येतं. मी पहिल्या वेळी घाबरून मशीन बंद केली होती.

आता नेटवर्क. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. व्हर्च्युअलबॉक्स सुरुवातीला नॅट देतो (व्हीएम लॅपटॉपच्या आडून इंटरनेट वापरते), आतल्या मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, आतून इंटरनेट मस्त चालतं पण विंडोजमधून त्या पत्त्यावर एसएसएच केलं तर काहीच उत्तर येत नाही. येणारही नाही, नॅटमध्ये बाहेरून आत यायला दारच नसतं. मग तीन रस्ते आहेत. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे लॅपटॉपचा २२२२ नंबरचा पोर्ट (दार) आतल्या २२ ला जोडायचा, एका पोर्टपुरतं झकास. ब्रिज, म्हणजे व्हीएमला घरच्या राउटरकडूनच पत्ता, पण वायफायवर ते प्रत्येक ठिकाणी नीट चालेलच असं नाही आणि घर बदललं की पत्ता बदलतो. आणि तिसरा जो मी शेवटी ठेवला, दोन अडॅप्टर (नेटवर्क कार्डं), पहिला नॅट इंटरनेटसाठी आणि दुसरा होस्ट-ओन्ली फक्त लॅपटॉप आणि व्हीएमच्या आपसातल्या बोलण्यासाठी. मी पुण्यात असो, कराडला असो, ट्रेनमध्ये असो, माझा सर्व्हर १९२.१६८.५६.१० वरच असतो.

पण दुसरा अडॅप्टर इन्स्टॉलनंतर लावला तर तो आत गपचूप बंद पडून असतो कारण नेटप्लॅनच्या (उबंटूची नेटवर्क सेटिंग) फायलीत त्याचं नावच नसतं. तिथे स्वतः लिहायला लागतं. क्लाउड-इनिटवाल्या फायलीत हात घालू नका, ६० नंबरने दुसरी फाईल करा, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा नाहीतर तो कुरकुर करतो, आणि टॅब चालत नाही, फक्त स्पेस, एक स्पेस इकडची तिकडे झाली की संपलं. आणि अप्लाय न करता "नेटप्लॅन ट्राय" करायची सवय लावा, १२० सेकंदात तुम्ही हो म्हटलं नाही तर तो जुनी सेटिंग परत आणतो. कराडच्या मशीनचा पत्ता बदलायचा होता तेव्हा मी ट्रायच वापरलं आणि पहिल्या वेळी खरंच चुकलं होतं, कनेक्शन तुटलं, दोन मिनिटं छाती धडधडत बसलो आणि मशीन आपोआप परत आलं. नाहीतर त्या रात्री बस पकडून जावं लागलं असतं.

ह्याच्याच पोटातली अजून एक गोष्ट. फायलीत लिहिलेला एखादा अडॅप्टर नंतर काढून टाकला की बूट होताना "नेटवर्क कॉन्फिगर होण्याची वाट बघतोय" अशी ओळ येते आणि दोन मिनिटं तसाच बसतो. त्या अडॅप्टरखाली "ऑप्शनल ट्रू" लिहिलं की थांबत नाही.

वेळेचं पण सांगतो. इन्स्टॉलर टाइमझोन विचारतच नाही, घड्याळ यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतो. मी रात्री एक वाजताचा बॅकअप क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) लावला आणि तो रोज सकाळी साडेसहाला चालायचा, लॉगमध्ये मात्र वेळ एक वाजताचीच दिसायची, दोन आठवडे मला कळेना. टाइमडेटसीटीएल कमांडने टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि क्रॉन रीस्टार्ट करा. लॅपटॉप झोपवून उठवला की व्हीएमचं घड्याळ मागे राहू शकतं, मग एपीटी (अपडेट आणणारी कमांड) म्हणतो रिलीज फाईल अजून वैध झालेली नाही, तेव्हा सर्व्हर बिघडलाय असं समजू नका, आधी वेळ बघा.

एसएसएचमध्ये पासवर्ड बंद करून फक्त की (पासवर्डऐवजी लॉगिनसाठी किल्ली म्हणून चालणारी फाईल) ठेवायची होती. मेन फायलीत नो लिहिलं, रीस्टार्ट केलं, तरी पासवर्ड चालतोच आहे! कारण शेजारच्या फोल्डरमध्ये क्लाउड-इनिटची एक छोटी फाईल असते, तिच्यात यस लिहिलेलं असतं, ती आधी वाचली जाते आणि एसएसएच पहिली सापडलेली किंमतच धरतो. हे ज्याला माहीत नाही तो माणूस वर्षानुवर्षं समजत राहील की आपला सर्व्हर बंदोबस्तात आहे. बदल केला की बाहेरून पासवर्डने घुसून बघायचंच, फायलीवर विश्वास ठेवायचा नाही. पोर्ट बदलायचा असेल तर अजून एक, २४.०४ मध्ये पोर्टवर एसएसएच स्वतः नाही तर सिस्टीमचा सॉकेट ऐकत असतो, म्हणून डेमन-रीलोड करून एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट करावा लागतो.

मराठी फायलींबद्दल, कारण ऑफिसात "भाडेपावती" आणि "सातबारा" अशा नावांच्या फायली शेकड्याने आहेत. व्हर्च्युअलबॉक्सच्या काळ्या खिडकीत ती नावं चौकोन चौकोन दिसतात, मला वाटलं सांब्याने नावं खराब केली. नाही, त्या कन्सोलला देवनागरी काढताच येत नाही. विंडोज टर्मिनलमधून एसएसएच केलं की नावं वाचता येतात आणि शेअरवर तर एकदम व्यवस्थित.

स्नॅपशॉट ही ह्या सगळ्यातली सगळ्यात मोठी देणगी. बदल करायच्या आधी मशीन बंद करून एक स्नॅपशॉट, मग पाहिजे ते करा, बिघडलं की अर्ध्या मिनिटात मागे. मी मुद्दाम एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ती यादी) चुकीची ओळ टाकून इमर्जन्सी मोड बघितला, त्यातून बाहेर यायला शिकलो, सुडोचे (अ‍ॅडमिनचे) हक्क स्वतःचेच काढून घेऊन परत मिळवले, डिस्क भरवून बघितली. खऱ्या सर्व्हरवर हे कोण करू देणार, आणि केल्याशिवाय हाताला ते वळणच लागत नाही.

पण स्नॅपशॉट साठवत जाऊ नका. माझे सहा झाले होते, लॅपटॉपची एसएसडी काठोकाठ भरली आणि एक दिवस व्हीएम मध्येच आपोआप थांबली. जागा केल्यावर जिथे होती तिथून पुढे चालू झाली, नुकसान नाही झालं, पण स्नॅपशॉट काढून टाकतानाही जोडणी करायला थोडी मोकळी जागा लागते आणि तीच नव्हती, त्यामुळे आधी फोटो दुसरीकडे हलवावे लागले. आणि तो बॅकअप नाही, त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेलं. मामांच्या ऑफिसचा बॅकअप वेगळ्या यूएसबी हार्ड डिस्कवर जातो आणि महिन्यातून एकदा मी तो ह्या व्हीएममध्ये उघडून बघतो, फायली खरंच उघडतायत का ते.

व्हीएमची क्लोन (हुबेहूब प्रत) करणार असाल तर नवीन मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) घ्या आणि आतला मशीन-आयडी (सिस्टीमचा ओळख क्रमांक) रिकामा करून रीबूट करा, नाहीतर मॅक वेगळा असूनही दोघांना डीएचसीपीवर (आपोआप पत्ता वाटणारी सोय) एकच पत्ता मिळतो. मी ह्यात एक अख्खा रविवार घालवलाय.

आता पद्धत बसलीय. गुरुवारी रात्री अपडेट व्हीएममध्ये, रीबूट, शेअर उघडून बघायचा, मराठी नावाची एक फाईल सेव्ह करून बघायची. सगळं ठीक असलं तर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर कराडच्या मशीनवर. ह्या नऊ महिन्यांत एक अपडेट मी इथेच अडवलं कारण त्यानंतर शेअर दिसेना, सांबाची एक जुनी ओळ बदलायला लागली, ती इथे बदलली आणि मगच तिकडे. मामांना ते कळलंसुद्धा नाही. आता पुन्हा जुलै जवळ आलाय.